पांढरा नेमका किती पांढरा?

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडला, की आपण आधी छापणाऱ्याला दोष देतो. मीही दिला होता. त्याने तीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडून दाखवली, तर तिथेही ती काळपटच! माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस नवा आणला तेव्हापासून पूर्ण चढवलेला होता. त्या झगझगाटात फोटो जास्तच उजळ वाटायचा, म्हणून एडिट करताना मी फोटोच गडद करत गेलो होतो. बेताच्या उजेडाच्या खोलीत फोटोंच्या कामाला दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला (उजळपणा मोजायचं एकक) पुरतात. साधे मॉनिटरही पूर्ण ब्राइटनेसवर २५०च्या आसपास जातात.

मग मॉनिटर डोळ्यांनी बघूनच जुळवला तर? तिथेच गोची आहे. पिवळ्या दिव्याखालचा कागद आणि भर दुपारी सावलीत धरलेला कागद, दोन्ही आपल्याला पांढरेच दिसतात. त्यांच्यावरून येणारा प्रकाश मात्र अगदी वेगळा असतो. मेंदू उजेडाची छटा परस्पर वजा करून टाकतो. रोजच्या जगण्यात ही मोठीच सोय, पण मॉनिटर निळसर असेल तर तो निळेपणाही दहा-पंधरा मिनिटांत दिसेनासा होतो.

म्हणून अशी सवय न लागणारा डोळा लागतो : कलरीमीटर. माउसएवढं हे यंत्र काचेला टेकवून लटकवायचं. सॉफ्टवेअर त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक दाखवतं आणि यंत्र प्रत्येकाचा प्रकाश मोजतं. गंमत अशी, की ही मोजणीसुद्धा माणसांच्याच डोळ्यांवर उभी आहे. १९२०च्या दशकात राइट आणि गिल्ड या दोघा ब्रिटिश संशोधकांनी एकूण १७ जणांना लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून समोरच्या रंगाशी जुळवायला लावलं. त्या जुळवाजुळवीवरून १९३१ साली रंगमापनाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. आजची यंत्रंही रंग सांगतात ते बहुधा त्याच हिशेबात.

यंत्राला लक्ष्य द्यावं लागतं. पांढऱ्यासाठी सहसा ६५०० केल्विन, म्हणजे सर्वसाधारण दिवसाच्या उजेडाजवळचा, आणि गॅमा २.२. गॅमा म्हणजे फाइलमधला आकडा आणि स्क्रीनचा प्रकाश यांचं नातं; त्याचा अर्थ एका उदाहरणात कळतो. फाइलमधल्या उजळपणाच्या ० ते २५५ या पट्टीवर १२८ हा जवळपास मध्य, पण तिथे स्क्रीन पूर्ण प्रकाशाच्या निम्मा नव्हे, फक्त २२ टक्के प्रकाश देते. अंधारातले बारीक फरक डोळ्याला चटकन कळतात, उजेडातले कळत नाहीत; म्हणून पायऱ्या गडद बाजूला दाट ठेवलेल्या असतात.

यात दोन कामं आहेत आणि लोक ती हमखास एकत्र कालवतात. मॉनिटरला ठरलेल्या स्थितीत आणणं हे कॅलिब्रेशन. त्यानंतरही तो कुठे, किती चुकतो याची नोंद म्हणजे प्रोफाइल. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती वाचून रंगांचे आकडे त्या मॉनिटरपुरते बदलून पाठवतं. ब्राइटनेस आणि रंग आधी मॉनिटरच्या बटणांनीच शक्य तेवढे जवळ आणावेत. सगळा भार ग्राफिक्स कार्डातल्या (संगणकातून स्क्रीनला चित्र पाठवणाऱ्या भागातल्या) दुरुस्तीवर टाकला, तर २५६ पायऱ्यांपैकी काही गळतात आणि निळ्या आकाशात पट्टे उमटतात.

मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. नाइट मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा; हे विसरून सगळं पुन्हा करणाऱ्यांत मीही आहे. स्क्रीनच्या मागचा दिवा कालांतराने मंदावतो, त्याची छटाही सरकते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं.

काम झाल्यावर माझी स्क्रीन पिवळट, मरगळलेली दिसली आणि सगळं पूर्ववत करायचा मोह झाला. दोन दिवस तशीच ठेवली. मग सॉफ्टवेअरमधल्या ‘आधी’ या बटणावर क्लिक केलं, तर माझा जुना पांढरा चक्क निळा होता.