भावनेच्या आठवणी पक्क्या का होतात?

मेंदूच्या तळाशी पशूंकडून आलेला भावनिक थर आहे आणि त्यावर उत्क्रांतीने विचारांचा थर चढवला, असे व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून आजही शास्त्रीय सत्य म्हणून सांगितले जाते. मेंदूतील भावनांशी जोडल्या जाणाऱ्या भागांच्या समूहाला ‘लिंबिक संस्था’ हे नाव १९५२ मध्ये रूढ करणारे मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांच्याच मांडणीतून ही कल्पना पुढे आली. पण मेंदू असा थरावर थर चढत उत्क्रांत झालेला नाही. भावनांना बुद्धीच्या शत्रू ठरवणारे हे चित्र मला विशेष खटकते, कारण काय लक्षात ठेवायचे हे ठरवण्यात भावनांचाच मोठा वाटा असतो.

या लिंबिक संस्थेतील दोन भाग येथे महत्त्वाचे आहेत. हिप्पोकॅम्पस घडलेल्या प्रसंगांची नोंद करतो, तर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला त्या प्रसंगाचे भावनिक मोल ठरवतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांना ठरावीक रंग दाखवून लगेच कर्कश भोंगा वाजवला जात असे. अमिग्डाला निकामी झालेल्या रुग्णाला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे बिनचूक सांगता आले, पण तो रंग पाहून त्याच्या त्वचेला घाम फुटला नाही. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णाची गोष्ट नेमकी उलट होती: घाम फुटला, कारण मात्र सांगता आले नाही.

मग भावना आठवणीला बळ कशी देते? भीती वाटताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येते. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडथळा ते सहजासहजी ओलांडू शकत नाही. त्याचा निरोप मग शरीरातील अवयवांकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेवाटे (नसेवाटे) जातो. ही चेता मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडलेल्या मस्तिष्कपुच्छातील पेशींना जागवते, त्या पेशी ‘लोकस सेरुलियस’ या चिमुकल्या निळसर केंद्राला उद्दीपित करतात आणि तेथून निघणारे तंतू अमिग्डालात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे अ‍ॅड्रेनलिनसारखेच रसायन सोडतात. तेथील पेशींवर असे रसायन टिपणाऱ्या रेणूंना, म्हणजे बीटा ग्राहींना, ते चिकटले की अमिग्डालाकडून हिप्पोकॅम्पसला जाणारे संकेत वाढतात आणि चेतापेशींच्या ज्या संपर्कस्थानांमध्ये त्या प्रसंगाची नोंद नुकतीच झालेली असते, ती अधिक भक्कम होतात. वेळेचे महत्त्व येथे विलक्षण आहे. उंदरांना काही शिकवल्यानंतर लगेच योग्य मात्रेत अ‍ॅड्रेनलिन टोचले तर त्यांची स्मृती सुधारते, काही तासांनी टोचले तर सुधारत नाही. म्हणजे आठवण अनुभवाच्या क्षणीच पुरी होत नाही, ती नंतरही काही काळ पक्की होत राहते.

माणसांमध्ये याचा पुरावा लॅरी काहिल आणि जेम्स मॅगॉ यांनी सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये दिला. त्यांनी काहींना अपघाताचा प्रसंग असलेली भावनिक गोष्ट, तर काहींना साधी गोष्ट सांगितली. बीटा ग्राही रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध आधी घेतलेल्यांना आठवड्यानंतर भावनिक गोष्टीचा अपघाताचा भाग इतरांपेक्षा कमी आठवला. साध्या गोष्टीची आठवण मात्र तेवढीच राहिली.

परंतु आठवण ठळक असली म्हणजे ती अचूकही असते, असे नाही. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे व कशी कळली हे लिहून घेतले होते. सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांनी ठाम विश्वासाने भलतीच हकीकत लिहिली आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवल्यावरही त्यांची मूळ आठवण परतली नाही.