हिरड्यांचा विकार आणि मधुमेह : दुवा दाखवणारी जैवसूचके

पायोरिया या नावाने सर्वसामान्यांना ठाऊक असलेला परिदंतदाह आणि मधुमेह हे दोन दीर्घकालीन विकार एकाच रुग्णात पुष्कळदा आढळतात. परिदंतदाहात दाताभोवतीची हिरडी, दाताला जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू आणि त्याखालचे हाड क्रमाक्रमाने नष्ट होते. यांतील एक विकार दुसऱ्याला कोणत्या मार्गाने बळ देतो हे ज्या पदार्थांच्या मोजणीतून कळते, त्यांना या संदर्भात जैवसूचके किंवा बायोमार्कर म्हणतात. रक्त, लाळ आणि हिरडीच्या खाचेत झिरपणारा द्रव या तीन ठिकाणी ती शोधली जातात.

हा संबंध प्रथम कोणाच्या लक्षात आला, याविषयी एकमत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, सहाव्या अध्यायात, प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या गटाची) पूर्वरूपे सांगताना टाळू, गळा, जीभ व दात यांवर मळ साचणे आणि श्वासाला दुर्गंधी येणे ही लक्षणे दिली आहेत. माधवनिदान या नंतरच्या आयुर्वेदीय ग्रंथातही दातांवरील मळ हे प्रमेहाचे पूर्वलक्षण म्हणून आले आहे. संहितेच्या काळाविषयी मतभेद आहेत. तिचा गाभा बराच जुना असला, तरी आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या उल्लेखावरून प्राचीन वैद्यांना हिरड्या व मधुमेह यांचा संबंध ठाऊक होता असे काही लेखक मानतात. परंतु त्याच निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, शीताद, दंतवेष्ट, उपकुश इत्यादी पंधरा विकार स्वतंत्रपणे वर्णिले असून त्यांची प्रमेहाशी सांगड घातलेली दिसत नाही. शिवाय प्रमेहाच्या वीस प्रकारांत आजच्या व्याख्येत न बसणारे अनेक मूत्रविकार येतात. दातांवरचा मळ हे रोग येऊ घातल्याचे चिन्ह आहे एवढेच निरीक्षण ग्रंथात आहे, आणि ते पुरेसे मोलाचे आहे.

आधुनिक वैद्यकात हा मान बहुधा झायफर्ट यांच्या १८६२ मधील निरीक्षणाला दिला जातो. विल्यम्स यांनी १९२८ मध्ये मधुमेह्यांतील हिरड्यांच्या ऱ्हासाला वेगळे नाव देऊन पाहिले. हिरड्यांवर उपचार केल्यानंतर काही तरुण मधुमेह्यांची इन्शुलिनची गरज कमी झाली, असे १९६० मध्ये नोंदले गेले. उलट दिशेच्या संबंधाची ही आरंभीची ठळक नोंद होय. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे मात्र ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. भक्कम लोकसंख्याधारित पुरावा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पिमा या आदिवासी समाजाच्या पाहण्यांतून आला. या समाजात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथील मधुमेह्यांत परिदंतदाहाची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट असल्याचे १९९१ मध्ये, तर तीव्र परिदंतदाह असलेल्यांची साखर पुढील काळात अधिक बिघडते असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान १९९३ मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो यांनी परिदंतदाहाला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटले. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणे या आधीच्या पाच. ‘दुहेरी संबंध’ ही संज्ञा त्यानंतर रुळली.

यांतील मधुमेहाकडून हिरड्यांकडे जाणारी वाट अधिक स्पष्ट आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि कालांतराने त्यांचे न सुटणाऱ्या संयुगांत रूपांतर होते. या संयुगांना ‘एजीई’ म्हणतात. हिरडीला आधार देणारे कोलाजेन हे तंतुमय प्रथिन अशा रीतीने घट्ट व निकामी होतेच. शिवाय रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींवर ‘रेज’ नावाचे एजीईचे ग्राहक असतात. एजीई त्यांना जोडली गेली की पेशी दाह वाढवणारे पदार्थ जास्त प्रमाणात सोडतात. या साखळीचा सर्वांत बोलका पुरावा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांना औषधाने मधुमेह आणून त्यांच्या तोंडात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा परिदंतदाहाशी निगडित जीवाणू सोडला, तेव्हा त्यांच्या जबड्याचे हाड झपाट्याने झिजले. त्यांपैकी काहींना रेजचा विरघळणारा अंश टोचण्यात आला. हा अंश पेशींपर्यंत पोचण्याआधीच एजीईला बांधून टाकतो. या उंदरांत हाडाची झीज मात्रेच्या प्रमाणात घटली आणि हिरडीतील दाहद्रव्येही उतरली. रक्तातील साखर मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे नुकसान करणारी साखळी साखरेच्या पातळीला हात न लावताही तोडता येते. मानवात असा निर्णायक प्रयोग झालेला नसला, तरी एजीई-रेज हाच या संबंधाचा कणा मानणे सयुक्तिक वाटते.

उलट दिशेच्या वाटेवर टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ही दाहाशी निगडित प्रथिने सूचके म्हणून येतात. टीएनएफ-अल्फा इन्शुलिनच्या संदेशवहनातील आयआरएस-१ या प्रथिनात फेरफार घडवून पेशींना इन्शुलिनला दाद न देण्याच्या अवस्थेत नेते, हे लठ्ठपणावरील संशोधनातून १९९० च्या दशकात पुढे आले. सुजलेल्या हिरड्यांतूनही ते रक्तात येते. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृतात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार होते व त्याची रक्तातील पातळी चढते. अडचण ही की यांतील पहिली दोन द्रव्ये पोटावरच्या चरबीतूनही स्रवतात आणि टाइप २ मधुमेहाचे पुष्कळ रुग्ण स्थूल असतात. त्यामुळे एखाद्या रुग्णाचे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हिरड्यांमुळे वाढले की कंबरेच्या घेरामुळे, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही. या सूचकांवर एकट्याने भिस्त ठेवणारे निष्कर्ष जपूनच घ्यावेत.

स्थानिक सूचकांसाठी हिरडीच्या खाचेतील द्रव अधिक उपयोगी पडतो. दात कापसाने वेगळा ठेवून पृष्ठभाग वाळवतात, वरचे किटण काढतात आणि गाळणकागदाची अरुंद पट्टी हिरडी व दात यांच्या फटीत किंचित अडकेपर्यंत सरकवून साधारण ३० सेकंद ठेवतात. पट्टीने शोषलेला द्रव एका मायक्रोलिटरहूनही कमी असू शकतो. त्याचे आकारमान विद्युत्‌ धारिता मोजणाऱ्या उपकरणावर काढतात. पट्टीला रक्ताचा लालसरपणा दिसला तर ती टाकून द्यावी लागते. मधुमेह्यांच्या हिरड्यांतून स्पर्शानेही रक्त येत असल्याने हा दंडक पाळणे जिकिरीचे होते. प्रयोगशाळांच्या आकड्यांत जो फरक पडतो त्याचे एक कारण येथेच आहे.

या द्रवातील सर्वांत अभ्यासलेले सूचक एमएमपी-८ हे होय. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतून सुटणारे हे विकर (एन्झाइम) कोलाजेन तोडते. येथे एक महत्त्वाचा धागा आहे. मधुमेही उंदीरजातीय प्राण्यांच्या हिरड्यांतील कोलाजेन तोडणारी क्रिया मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने मंदावते, असे संशोधक लॉर्न गोलब व सहकाऱ्यांना १९८३ मध्ये आढळले आणि तो परिणाम जीवाणुनाशक गुणापेक्षा वेगळा होता. त्यातूनच त्याच गटातील डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची, जीवाणूंवर परिणाम न करणारी मात्रा पुढे आली व १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. हाडाच्या झिजेसाठी, हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना देणारे रँकेल आणि त्याला अडवणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन यांचे गुणोत्तर पाहतात. साखर आटोक्यात नसलेल्या रुग्णांत ते झिजेच्या बाजूला झुकलेले काही अभ्यासांत दिसते. ॲडिपोनेक्टिन, लेप्टिन आणि कॅलप्रोटेक्टिन या इतर सूचकांवरील काम अजून विखुरलेले आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही विकारांना जोडणारे विश्वासार्ह सूचक एकच, एचबीए१सी, म्हणजे रुग्णांच्या बोलीत ‘तीन महिन्यांची साखर’. किती टक्के हीमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, याचे ते माप होय. मधुमेह्यांतील हे वेगळे हीमोग्लोबिन सॅम्युएल राहबार यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये ओळखले. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. हिरड्यांच्या उपचाराने ते उतरते का, हा दीर्घकाळ वादाचा प्रश्न होता. अमेरिकेतील ५१४ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर काहीच फरक दिसला नाही (२०१३). मात्र त्या रुग्णांच्या तोंडात उपचारानंतरही किटण व रक्तस्राव बराच शिल्लक होता, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त वाटतो. ज्या उपचाराने हिरडीच बरी झाली नाही, त्याने साखर उतरावी ही अपेक्षा चुकीची होती. लंडनमधील २६४ रुग्णांच्या चाचणीत कसून उपचार झाले आणि वर्षाअखेर एचबीए१सी तुलनागटापेक्षा ०.६ अंकांनी कमी आढळले (२०१८). वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र पाहता तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ अंकांची घट दिसली. ७.८ चा आकडा ७.४ च्या आसपास येणे ही घट लहान नव्हे. साखरेच्या एखाद्या जादा गोळीकडून पुष्कळदा याहून फारसे अधिक मिळत नाही. परिदंतदाहाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात एचबीए१सी ७ किंवा अधिक असलेल्या मधुमेह्याचा विकार सर्वांत वेगाने वाढणाऱ्या ‘सी’ दर्जात धरला जातो.

भारतात या आकड्याचा अर्थ लावताना विशेष दक्षता हवी. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पांडुरोगात तो खोटा चढा, तर तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या विकारांत खोटा उतरता येतो. आपल्याकडील स्त्रियांत पहिली स्थिती फार सामान्य आहे. दुसरी अडचण तंबाखूची. धूम्रपानाने हिरडीतून येणारे रक्त कमी होते व विकार झाकला जातो. महाराष्ट्रात मिशेरी थेट हिरड्यांवर घासली जात असल्याने तिची सवय नोंदवल्याविना केलेली पाहणी अपुरी ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांना निदान माहीत नसल्यामुळे दंतचिकित्सालयातच संशयित ओळखण्याचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासात, किमान चार दात गमावलेले असणे आणि तपासलेल्या जागांपैकी किमान २६ टक्के ठिकाणी ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल खाच असणे, एवढ्या दोन निकषांनी मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्यांपैकी ७३ टक्के लोक हेरता आले. बोटाच्या रक्तावरची एचबीए१सी चाचणी जोडल्यावर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले. हिरडीतून आलेले रक्त गाळणकागदावर घेऊन एचबीए१सी मोजण्याची पद्धतही वापरून पाहिली गेली आहे. तेच रक्त ग्लुकोमीटरवर तपासण्याचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत, कारण खाचेतील द्रव व लाळ मिसळल्याने आकडा बदलतो.