वळणावरचे तीन मिलिमीटर : रेल्वेच्या चाकजोडीची पार्श्वभूमी

रेल्वेत वळण अंशांत मोजतात. १७५० ला अंशांनी भागलं की त्रिज्या मीटरमध्ये मिळते, म्हणजे दोन अंशांचं वळण ८७५ मीटर त्रिज्येचं. अशा वळणावर एक किलोमीटर अंतरात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा दोन मीटर लांब भरतो. चाकाच्या एका फेऱ्यामागे हा फरक पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास येतो. बैलगाडीला याचं काही वाटत नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं जास्त फिरतं, आतलं कमी. रेल्वेची दोन्ही चाकं मात्र एकाच आसावर प्रेसने दाबून बसवलेली असतात. एक जितकं फिरेल तितकंच दुसरं. तरीही गाडी वळते, आणि सौम्य वळणावर तर रुळाला फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, न लावता वळते. हे कसं जमतं, आणि ते जमवताना दोनशे वर्षं काय काय अडचणी आल्या, याची ही पार्श्वभूमी.

चाकाची धाव सपाट नसते, तिला उतार असतो. जुन्या पद्धतीत तो वीसास एक. फ्लँजजवळ व्यास मोठा, बाहेरच्या कडेला लहान. वळणावर चाकजोडी बाहेरच्या बाजूला सरकते; त्यामुळे बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर, आणि लांबीतला फरक भरून निघतो. जॉर्ज स्टीफन्सन यांनी १८२१ मध्येच या उताराचं वर्णन केलं होतं. वळणावर चाकजोडीने नेमकं किती सरकायला हवं याचा हिशेब रेडटेनबाखर या जर्मन अभियंत्याने १८५५ मध्ये मांडला.

तो हिशेब आपल्या ब्रॉडगेजला लावून पाहण्यासारखा आहे. रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १६०० मिमी. नव्या फ्लँजची जाडी २८.५ मिमी, म्हणजे दोन्हींची मिळून ५७. उरले १९ मिमी, दोन्ही बाजूंना साडेनऊ-साडेनऊ. चाकाचा व्यास ९१५ मिमी धरला तर एक अंशाच्या वळणावर चाकजोडीला ४.६ मिमी सरकावं लागतं, दोन अंशांवर ९.२ मिमी. इथेच जागा संपते. तिसऱ्या अंशाला पावणेचौदा मिमी हवेत, तेवढे नाहीतच, म्हणून फ्लँज रुळाला भिडणार. आता नवीन चाकं सरळ उताराची न कापता झिजलेल्या चाकासारख्या वक्र आकाराची कापतात, त्यामुळे कमी सरकून काम भागतं. तरी मूळ मर्यादा कळायला हे आकडे पुरेत.

पण हा झाला एकट्या, मोकळ्या चाकजोडीचा हिशेब. गाडीखाली दोन चाकजोड्या एका सांगाड्याने बांधलेल्या असतात आणि त्या एकमेकींना समांतर राहतात. वळणावर मात्र प्रत्येक आसाने वर्तुळाच्या मध्याकडे बोट दाखवायला हवं. म्हणजे पुढच्या जोडीचं बाहेरचं टोक थोडं पुढे जायला हवं, मागच्या जोडीचं थोडं मागे. किती? दोन आसांमधल्या अंतराच्या निम्म्याला त्रिज्येने भागा आणि १७५० मिमीने गुणा. आयसीएफ (पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्याच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाडीत, आसांमधलं अंतर २८९६ मिमी आहे. दोन अंशांच्या वळणावर उत्तर येतं जेमतेम तीन मिलिमीटर. चाकजोडी बसवण्याचा सगळा इतिहास या तीन मिलिमीटरभोवती फिरतो: ते द्यायचे की नाकारायचे, आणि दिले तर कुठल्या वेगाला.

सुरुवातीच्या चारचाकी वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, ते ढिलाईने मिळत. अ‍ॅक्सल बॉक्स (आसाच्या टोकावरची बेअरिंगची पेटी) लोखंडी हॉर्नच्या, म्हणजे सांगाड्यातून खाली आलेल्या दोन पायांच्या, फटीत वरखाली सरके, वर पट्ट्यांची स्प्रिंग, आणि फटीत थोडी जागा मुद्दाम सोडलेली. साडेचार मीटर आसांतर असलेल्या वाघिणीला त्याच वळणावर साडेचार मिमी लागतात, दहा अंशांच्या वळणावर साडेबावीस. इतकी ढिलाई देता येत नाही, म्हणून अशी लांब वाघीण तीव्र वळणावर फ्लँज घासतच जाणार.

बोगी जन्मली ती यातूनच. (आपल्याकडे प्रवासी डब्याला बोगी म्हणतात, रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची, स्वतंत्र वळणारी चाकांची गाडी.) इंग्लंडमध्ये विल्यम आणि एडवर्ड चॅपमन यांनी १८१२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत रूळ घाईने टाकलेले, वळणं तीव्र. तिथे जॉन जर्व्हिस यांनी १८३२ मध्ये इंजिनाच्या पुढे चार चाकांची वळती बोगी लावली. लेव्हाय बिसेल यांचं १८५७ मधलं पेटंट आणि विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांचा १८६३ मधला त्रिज्येत सरकणारा अ‍ॅक्सल बॉक्स ही पुढची पावलं. १८७० च्या दशकात क्लेमिन्सन यांनी सहाचाकी डब्यात मधला आस आडवा सरकेल आणि कडेचे दोन आस त्याच्यामुळे वळतील अशी सांध्यांची रचना केली. कल्पना सुंदर होती, पण सांधे झिजले की सगळं खुळखुळायला लागणार, हे तिचं मूळचंच दुखणं.

लांब डब्याला बोगीने मोठी सवलत दिली. आयसीएफ डब्याच्या दोन बोग्यांच्या मध्यांत १४,७८३ मिमी अंतर असतं. दहा अंशांच्या वळणावर प्रत्येक बोगी डब्याखाली सुमारे २.४ अंश वळते, आणि बोगीच्या आतल्या आसांना मात्र फक्त त्यांच्या आपसातल्या २८९६ मिमीचा भार सोसावा लागतो.

सोलापूर जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध जवळचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरला १८६० मध्ये पोचले, तेव्हा बोरघाटाची चढण अजून पुरी व्हायची होती. ती १८६३ मध्ये झाली. होटगीहून दक्षिणेकडे पुढे मीटरगेज गेलं, आणि कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, ७६२ मिमी गेजची. एकाच जिल्ह्यात तिन्ही मापांचे रूळ.

बार्शी लाइटचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यांचा आग्रह असा, की इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको आणि तो सगळीकडे सारखा हवा. तसं केलं की यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा हलका रूळ पुरतो. आज मुख्य मार्गावर ६० किलोचा रूळ असतो, त्याच्या चौथाई. पण पाच टनांत मोठी वाघीण करायची तर चार आस हवेत, आणि चार आस एका ताठ सांगाड्याला लावले तर वळणार नाहीत. म्हणून मालाच्या वाघिणीसुद्धा बोगीवर. लीड्स फोर्ज कंपनीने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या, त्यामुळे रिकामं वजन कमी राहिलं. माल भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चाचण्याही झाल्या. ब्रॉडगेजवर चारचाकी वाघिणींचं राज्य असताना बार्शीचा कापूस बोग्यांवरून जात होता, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

नॅरोगेजला वळण सोपं का जातं, तेही याच हिशेबात दिसतं. दोन चाकांच्या टेकण्याच्या बिंदूंमधलं अंतर ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ८७५ मीटर त्रिज्येवर किलोमीटरला दोन मीटरऐवजी एक मीटरसुद्धा फरक येत नाही. चाकही लहान. म्हणजे चाकजोडीला सरकावं लागतं तेही कमी. ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली, आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

आता दुसरी बाजू. ज्या उतारामुळे चाकजोडी वळते, त्याच उतारामुळे ती सरळ रुळावर नागमोडी चालते. थोडी डावीकडे गेली की डावं चाक मोठ्या व्यासावर येतं, जोडी उजवीकडे वळते, मध्य ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा परत. क्लिंगेल यांनी १८८३ मध्ये या नागमोडीची लांबी काढण्याचं सूत्र दिलं. ९१५ मिमी चाक आणि वीसास एक उतार घेतला तर ब्रॉडगेजवर ती १७.८ मीटर येते. ताशी १०० किमीला सेकंदाला दीड हेलकावा. चाक झिजून प्रत्यक्ष उतार चौपट झाला की लांबी निम्मी, म्हणजे तेवढ्याच वेगाला हेलकावे दुप्पट. अमुक वेगापुढे हे हेलकावे विरण्याऐवजी वाढत जातात आणि फ्लँज दोन्ही रुळांवर आदळू लागतात. यालाच हंटिंग म्हणतात.

बराच काळ याचा दोष रुळांवर जाई. १९१६ मध्ये फ्रेडरिक कार्टर यांनी चाक आणि रूळ यांच्यात होणाऱ्या सूक्ष्म घसरणीचं बल हिशेबात घेतलं आणि चित्र बदललं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तादाशी मात्सुदायरा आणि इंग्लंडमध्ये ॲलन विकेन्स यांनी प्रश्न पुढे नेला. दोघेही विमानांच्या कंपनांच्या अभ्यासातून रेल्वेत आलेले. निष्कर्ष असा: आस बोगीत पुढे-मागे सैल असेल तर वळण सुखाचं, पण हंटिंग कमी वेगालाच सुरू, आस ताठ धरला तर वेग मिळतो, पण वळणावर फ्लँज आणि रूळ खातात. म्हणून मोकळी फट नको, ठरवलेल्या ताठपणाची लवचीकता हवी. हॉर्नमधल्या फटीत आस आधी सुटा असतो आणि मग एकदम अडतो. रबराच्या सांध्यात पहिल्या मिलिमीटरपासूनच मोजका विरोध असतो. मूळ फरक हाच.

भारतात १९५५ मध्ये पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी स्विस तंत्राने सुरू झाली. तिच्या बोगीत अ‍ॅक्सल बॉक्सच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगा आणि तेलाच्या डॅशपॉटमधून (हेलकावे शोषणाऱ्या नळकांड्यातून) जाणारे उभे गाइड. डब्याचं वजन मधल्या पिव्हटवर न टाकता बाजूच्या, तेलात बुडालेल्या साइड बेअररवर टाकलेलं. एलएचबी (लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या रचनेच्या) डब्याच्या फियाट बोगीत गाइड नाहीत. तिथे एक कंट्रोल आर्म रबरी सांध्याने बोगीला जोडलेली, तिच्या टोकाला अ‍ॅक्सल बॉक्स. आसांतर २५६० मिमी, शिवाय बोगीचं हेलकावणं दाबणारे यॉ डॅम्पर. मालगाडीच्या कॅसनब बोगीत आसांतर २००० मिमी, म्हणजे दोन अंशांवर दोनच मिलिमीटर लागतात. बेअरिंगवरचा अ‍ॅडॉप्टर आणि चौकट यांच्यामधला रबरी पॅड ते देतो. दक्षिण आफ्रिकेत हर्बर्ट शेफेल यांनी १९७० च्या दशकात अशाच तीन तुकड्यांच्या (बाजूच्या दोन चौकटी आणि मधली तुळई) बोगीत दोन चाकजोड्या तिरप्या सळयांनी एकमेकींना बांधल्या: एक वळली की दुसरी उलट वळते, दोघी मिळून हेलकावू मात्र शकत नाहीत. या विषयातली सर्वांत देखणी युक्ती हीच म्हणावी लागेल.

चाकं आसावर सुटी का ठेवत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. सुटी ठेवली तर हंटिंग जातं, पण मध्यावर आपोआप येण्याचा गुणही जातो. मग एक फ्लँज सरळ रुळावरही घासत राहतो. २०१६ मध्ये आपल्याकडे चाचणीला आलेल्या स्पॅनिश टॅल्गो गाडीत सुटी चाकं आहेत, पण ती दोन डब्यांच्या सांध्यात बसवून डब्यांच्याच कोनाने वळवलेली असतात.

प्रत्यक्षात बिघडतं ते बहुधा मापात. एका आसावरच्या दोन चाकांच्या व्यासात कापल्यानंतर अर्ध्या मिमीहून जास्त फरक चालत नाही. अर्धा मिमी फरक असला तरी वीसास एक उताराला जोडी अडीच मिमी बाजूला सरकून चालते, जणू सरळ रुळावरही अर्ध्या अंशाचं वळण कायम आहे. सरकते ती लहान चाकाच्या बाजूला. म्हणून एकाच बाजूचा फ्लँज पातळ दिसला तर आधी त्या चाकाचा व्यास मोजावा, रुळाला दोष नंतर द्यावा. बोगीतल्या पुढच्या जोडीचा बाहेरचा फ्लँज सर्वांत जास्त झिजतो, आणि मालवाघिणीत तो १६ मिमीच्या खाली गेला की चाक बाद. साइड बेअररमधलं तेल आटलं की बोगी वळायला अडते. कॅसनबमध्ये घर्षणाच्या वेजेस (पाचरी) झिजल्या की चौकट चौकोनाची तिरपी होते. दोन्हींचा परिणाम एकच, फ्लँज रुळाला कोनात भिडतो आणि लोखंडाचा चुरा स्लीपरवर पडतो.

कोन आणि घर्षण एकत्र आले की चाक रुळावर चढण्याचा धोका. फ्रेंच अभियंता नादाल यांच्या सूत्राने, फ्लँजचा उतार ६८ अंश आणि घर्षणांक ०.२५ असेल तर आडवं बल उभ्या भाराच्या सुमारे १.४ पट होईपर्यंत चाक चढत नाही. घर्षणांक ०.५ झाला की हीच मर्यादा ०.९ वर येते. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात रूळ महिनोन्‌महिने कोरडे असतात, त्यामुळे वळणावरचं ग्रीसिंग इथे टाळता येत नाही. ग्रीस बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला, जिथे फ्लँज घासतो तिथेच लावायचं. रुळाच्या माथ्यावर ते गेलं तर इंजिनाची चाकं जागीच फिरतात आणि ब्रेक लावला तरी गाडी लांबवर घसरत जाते.