कार्ल्याच्या दगडी छताला लाकडाच्या कमानी कशाला?

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, मान वर करून बघितलं की छताला लाकडाच्या कमानी दिसतात, खऱ्या लाकडाच्या, आणि बऱ्याचशा मूळच्याच, म्हणजे साधारण २००० वर्षांपूर्वीच्या. आता अख्खा डोंगर आतून कोरलाय, छत कातळाचं आहे, त्याला आधाराची काहीच गरज नाही, तरी बसवल्यात. कारण त्याआधी प्रार्थनेच्या जागा लाकडाच्याच असायच्या, आणि जिथे लोकांचे हात जोडले जायचे ती जागा दगडात गेली तरी तशीच दिसायला हवी होती. समोरच्या डोंगरातलं भाजे लेणं त्याहून जुनं, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं, तिथे तर खांबसुद्धा आत कललेत, लाकडी छपराचा भार घ्यायला कलवावे लागत तसे.

पण हे एवढं कोरायचं कशासाठी, तर वर्षावासासाठी. बौद्ध भिक्खूंनी एरवी फिरत राहायचं, पावसाळ्यात मात्र एका जागी थांबायचं असा नियम, आणि मावळातला पाऊस आपल्याला माहितीच आहे. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्खूंच्या वर्षावासाच्या खर्चासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं, कुठल्याही दिशेहून आलेल्या भिक्खूंसाठी. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं, पण गावाचं दान मात्र त्यांनीही पुन्हा संघालाच दिलं. मला हे फार मोठं वाटतं, राज्य बदललं तरी भिक्खूंचा पावसाळा सांभाळायचाच.

आतली रचना बघा. ३७ खांब, दोन्ही बाजूंना १५-१५ नक्षीचे, वर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी, आणि स्तूपाच्या, म्हणजे टोकाला असलेल्या पूजेच्या घुमटाच्या, मागचे ७ अगदी साधे. खांब आणि भिंत यांच्यामधून जी वाट जाते ती प्रदक्षिणेची. शेवटी मूर्ती नाही, फक्त स्तूप, म्हणजे इथे समोर उभं राहून दर्शन घेण्यापेक्षा स्तूपाभोवती चालणं महत्त्वाचं होतं, इमारतच त्या चालण्याच्या मापाने बेतलीय.

आणि हे एकट्या राजाने बांधलेलं नाही. वैजयंती गावच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, उत्तम शैलगृह आहे असं अभिमानाने कोरून ठेवलंय, पण त्याच्यासोबत खांबाखांबावर दुसरी नावं आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे परदेशी मूळ असलेले लोक, त्यांनी एकेक खांब दिला. सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दाराचं दान दिलं. सामी नावाच्या सुताराचाही लेख आहे, वेणुवासाचा मुलगा, दार मी केलं म्हणतो. बोरघाटातून व्यापार चालायचा, पैसा होता हे खरंच, पण देणारा कितीही साधा असला तरी त्याचं नाव दगडावर येऊ शकत होतं हे महत्त्वाचं.

नंतर श्रद्धा बदलली तशी रचनाही बदलली. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात स्तूपावरच पुढच्या बाजूला बुद्ध बसलाय, आता भक्त थेट मूर्तीसमोर येतो. कार्ल्यातही दर्शनी भिंतीवरच्या जोडप्यांच्या मधे बुद्धमूर्ती नंतरच्या काळात कोरल्या गेल्या, जिथे जागा मिळाली तिथे बसवल्या. चैत्याच्या अगदी दाराशी एकवीरा आईचं देऊळ आहे आणि आज गर्दी तिच्यासाठी असते.

वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आणि तिथे विचारच वेगळा. डोंगराच्या आत न शिरता वरून खाली कोरत आणून आख्खा शिवाचा पर्वतच उभा केला. बडोद्याच्या ताम्रपटात त्याचं वर्णन आहे, देवांना आश्चर्य वाटलं आणि करणाऱ्या कारागिरालाही कळेना की हे आपण कसं केलं. राजाची कीर्ती त्यात भरभरून आहे, त्या कारागिराचं नाव मात्र दिलेलं नाही.