पार्श्वभूमी: ताठरलेला अंगठा हलता ठेवायचा की जुळवून टाकायचा?

पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला की आधी नावाचाच घोळ होतो. अंगठा शेजारच्या बोटावर कलला आणि पावलाच्या आतल्या कडेला गाठ आली, तर तो ‘हॅलक्स व्हॅल्गस’, म्हणजेच बनियन (अंगात घालायच्या बनियनशी संबंध नाही). गाठ सांध्याच्या वरच्या अंगाला आणि अंगठा वर वळेनासा झाला, तर तो ‘हॅलक्स रिजिडस’. या दुसऱ्या दुखण्याला १८८७ मध्ये आधी ‘फ्लेक्सस’, म्हणजे खाली वाकलेला, असं नाव मिळालं. ‘रिजिडस’ पाठोपाठ आलं आणि तेच टिकलं. तरी सर्रास दोन्हींना बनियनच म्हणतात. त्यात रुग्णाची फसगत होते, कारण व्हॅल्गसमध्ये हाड कापून सरळ करतात. रिजिडसमध्ये कूर्चाच, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तरच, संपली असेल तर नुसतं सरळ करून दुखणं जात नाही. दोन्ही एकाच पायात असले तर गुंता आणखी वाढतो.

१९०४ मध्ये अंगठ्याच्या हाडाचं बूडच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली गेली. दुखणं थांबे, पण अंगठा आखूड आणि दुबळा होई; भार शेजारच्या बोटांच्या चवड्यावर जाई. सुरुवातीच्या झिजेत सांध्यावरची हाडाची वाढ तासून भागतं, तो उपाय आजही चांगला आहे.

खरा वाद झीज पुढे गेल्यावरचा. ‘सांधा बंद करणार’ म्हटलं की रुग्ण दचकतो. प्रत्यक्षात एका हाडाचं टोक गोल, दुसऱ्याचं वाटीसारखं करून प्लेट आणि स्क्रूंनी जुळवतात, म्हणजे दोन्ही मिळून एकच हाड होतं. त्याआधी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पावलाखाली ट्रेचं सपाट झाकण धरून अंगठा जरासा उचललेला आहे ना, ते पाहतात. अंगठ्याच्या टोकाकडचा सांधा हलत राहतो. उंच टाचांना मात्र रामराम.

हलत्या सांध्याचा मोह काही सुटला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनचे सांधे आले; ते झिजले, त्यांच्या कणांनी आजूबाजूचं हाड पोखरलं. २०१६ मध्ये अमेरिकेत पाणीदार जेलच्या कृत्रिम कूर्चेला मंजुरी मिळाली. बुचासारखी ही कूर्चा हाडात भोक पाडून बसवायची. काहींमध्ये ती आत खचली, दुखणं परतलं. २०२४ मध्ये उत्पादकानेच ती बाजारातून परत मागवली. अशा रुग्णांचा सांधा अखेर जुळवायचा झाला, तर आधी ते भोक दुसरीकडचं हाड आणून भरावं लागू शकतं.