गाडी ऑइल खाते तेव्हा

वापरलेली गाडी घेतल्यावर काही महिन्यांनी ऑइल गेजची पट्टी ओढून पाहावी आणि ऑइल खालच्या खुणेलाही टेकलेलं नसावं, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. गाडीखाली डाग नाही, ऑइल बदलून फार दिवस झालेले नाहीत, मग ते गेलं कुठं? तेवढ्यात कुणीतरी सांगून टाकतं, ‘इंजिन काम निघालं.’ ते खरंही असू शकतं. पण इंजिन खोलण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. ऑइल बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच आहेत, बहुतेक वाटांची खूण मागं राहते आणि त्यातली एखादी वाट अगदी किरकोळ दुरुस्तीनं बंद होते.

थोडं ऑइल तर प्रत्येक इंजिन जाळतं. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ, काही मायक्रॉन जाडीचा थर हवाच, नाहीतर धातूवर धातू घासेल. तो थर टिकावा म्हणून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. इंधन पेटलं की त्या थरातलं थोडं ऑइल जळणार, थोडं वाफ होऊन जाणार. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा धरलेला असतो. माझ्या मते ही मर्यादा फारच सैल आहे. धडधाकट इंजिनाचा खप याच्या किती तरी खाली असतो.

तरीही या आकड्यामागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटरनं १००० किलोमीटर जायला २० तास लागतात. मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले तर तेवढ्या वेळात इंजिन २४ लाख फेरे मारतं, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे एकूण ४८ लाख. १ लिटर ऑइल त्यात वाटलं तर एका स्फोटाच्या वाट्याला जेमतेम ०.२ घन मिलिमीटर येतं, टाचणीच्या डोक्याहूनही लहान थेंब. एवढ्याशा गळतीनं लिटरभर ऑइल नाहीसं होतं. इंजिनात किती बारकाईनं ऑइल अडवलेलं असतं, हे यावरून कळावं.

हे अडवण्याचं मुख्य काम पिस्टनवरच्या रिंगांचं. बहुतेक इंजिनांत प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः वायूचा दाब धरतात. तिसरी असते ऑइल रिंग. ती पिस्टन खाली येताना भिंतीवरचं जादा ऑइल खरवडते, आणि ते पिस्टनमधल्या बारीक भोकांतून किंवा खाचांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, परत जातं. इंजिनातल्या घर्षणाचा मोठा वाटा या रिंगांचाच असल्यामुळे मायलेज वाढवण्यासाठी अलीकडच्या इंजिनांत त्यांचा ताण कमी ठेवतात. फायदा खरा आहे, पण अशी हलकी रिंग घाणीपुढे लवकर हात टेकते. ऑइल वेळेवर बदललं नाही की त्याचा कार्बन आणि चिकटा खाचेत साठतो, भोकं बुजतात, रिंग खाचेतच अडकून बसते. ती झिजलेली नसते, तिला फक्त हलता येत नाही. ऑइल जाण्याची ही पहिली वाट.

इथं एक बारकावा नेहमी सुटतो. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं, आकडे उत्तम आले, म्हणून ‘रिंगा ठीक आहेत’ असं सांगितलं जातं. पण ती चाचणी वरच्या दोन रिंगांची आणि व्हॉल्व्हची आहे. तिसरी रिंग पूर्ण अडकलेली असूनही कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं. कॉम्प्रेशन कमी आलं, तर सिलिंडरमध्ये थोडंसं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत), नाही चढला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) पॅकिंगकडे बघायचं.

दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून खाली येते. तिथलं रबरी सील वर्षानुवर्षं उष्णता सोसून कडक होतं. रात्रभर गाडी उभी असताना हेडमधलं ऑइल त्यातून हळूहळू झिरपतं आणि सकाळी स्टार्ट करताच निळसर धुराचा एक झोत निघून थांबतो. लांब उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असतानाही हेच होतं. तेव्हा पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) पोकळी वाढते आणि ती सीलमधून ऑइल ओढून घेते. खाली येऊन पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला की धूर दिसतो. याउलट चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. धूर दिसत नाही म्हणून मात्र निश्चिंत राहू नये. थोडं ऑइल जळत असेल तर एग्झॉस्टमधला, प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो धूर बराचसा जिरवतो.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. रिंगांच्या कडेनं थोडे वायू खाली चेंबरमध्ये उतरतातच. पूर्वी ते नळीनं सरळ हवेत सोडत. कॅलिफोर्नियात १९६१ पासूनच्या मोटारींमध्ये ते परत इनटेकमध्ये नेऊन जाळायची व्यवस्था आली, तीच पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन). ही वाट बुजली तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल प्रत्येक सीलमधून बाहेर रेटलं जातं. पीसीव्हीचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर ऑइलची वाफ भरमसाट ओढली जाते. पुष्कळ गाड्यांत हा भाग हातानं काढून बदलता येतो. इंजिन खोलण्याची गोष्ट निघण्याआधी तो तपासलेला असायलाच हवा.

गळती ओळखणं सोपं वाटतं, पण नेहमी नसतं. बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं झाकण असतं. ऑइल त्यात साठत राहतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. हेडवरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल गरम एग्झॉस्टवर पडून जळून जातं. तेव्हा वास येतो, डाग दिसत नाही. टर्बो असेल तर त्याच्या सीलमधूनही ऑइल इनटेकच्या पाइपमध्ये किंवा एग्झॉस्टमध्ये उतरतं.

यातलं काहीही ठरवण्याआधी मोजमाप हवं. सपाट जागा, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबणं (काही गाड्यांत थंड इंजिनावर मोजायला सांगतात, तेव्हा पुस्तिकेप्रमाणे), पट्टी पुसून पुन्हा घालणं, आणि प्रत्येक वेळी किलोमीटर लिहून ठेवणं. अनेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं. फक्त जवळच्या फेऱ्या होत असतील तर ही पट्टी फसवते. इंजिन पूर्ण तापत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं, आणि ऑइल कमी होऊनही पातळी तेवढीच दिसते. मग एखाद्या लांबच्या प्रवासात ते सगळं उडून जातं आणि पातळी एकदम खाली आलेली दिसते. म्हणून लांबच्या प्रवासात मधेच पट्टी पाहायलाच हवी.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर विसंबणं तर धोक्याचं आहे. तो दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. पातळी खालच्या खुणेच्याही बरीच खाली जाऊन पंप हवा ओढू लागला की तो लागतो, आणि तोवर बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. तो लागला की इंजिन तिथल्या तिथं बंद. शिवाय, चार लिटरचं काम अडीच लिटर ऑइल करू लागलं की तेवढ्याच ऑइलवर उष्णता आणि काजळी जास्त येते. ते लवकर खराब होतं, कार्बन वाढतो, रिंगा आणखी अडकतात आणि खप आणखी वाढतो. वेळेवर भर घातली तर हे चक्र मंदावतं. भरही वरच्या खुणेपर्यंतच. जास्त झालं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि ते पीसीव्हीतून पुन्हा जळायलाच जातं.

उपायांची सुरुवात योग्य ग्रेडच्या, चांगल्या ऑइलनं करावी. ऑइल उडून जाण्याचं प्रमाण प्रयोगशाळेत २५० अंश सेल्सियसला तासभर ठेवून मोजतात. पेट्रोल इंजिनांसाठीच्या आधुनिक मानकांत ही घट १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. पुस्तिकेत परवानगी असलेल्यांपैकी जरा जाड ग्रेड घेतला आणि दर वेळी ऑइल लवकर बदललं, तर अडकलेल्या रिंगा कधी कधी सुटतात. साफ करणारी रसायनं विचार करूनच वापरावीत. रिंग झिजली असेल तर त्यांचा उपयोग नाही, आणि फार घाण साठलेल्या इंजिनात सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकू शकतो. व्हॉल्व्ह सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह जागेवर धरून, बदलता येतात.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला आधीच सांगावं की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा, मग पट्टी, मग स्टार्ट. आधीच तापवून ठेवलेली गाडी सकाळचा धूर लपवते.

खप थोडा आणि स्थिर असेल, तर पट्टी पाहत, भर घालत गाडी चालवणं मला इंजिन खोलण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. पण प्लग ऑइलनं भिजू लागले, इंजिन मिस मारू लागलं, तर थांबून चालत नाही. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो, तो खर्च वेगळाच. इंजिन खोललंच तर फक्त रिंगा बदलून जोडू देऊ नये. बोअर वर-खाली आणि आडवा-उभा मोजून घ्यावा, कारण लंबगोल झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगाही नीट बसत नाहीत आणि ऑइल पूर्वीसारखंच जळत राहतं.