गायीच्या ढेकराचा हिशेब

गाय रवंथ करत बसली असताना तिच्या गळ्याकडे बघत राहा. पोटातला घास वर सरकताना दिसतो, चघळून झाला की परत खाली जातो. मधूनमधून ती ढेकर देते, आणि हवामानबदलाच्या वादात गायीवर जो ठपका येतो तो मुख्यतः या ढेकरामुळे. गुरांचा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, शेपटीकडून बाहेर पडतो असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात जवळपास सगळाच तोंडा-नाकावाटे जातो.

तो तयार होतो कोटीपोटात. शंभर लिटरहून मोठ्या या कप्प्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. कडब्यातला चिवट तंतू गायीला स्वतःच्या बळावर पचत नाही, तो आंबवून देतात तिथले अब्जावधी सूक्ष्मजीव. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते, दूध देते. या आंबवण्यात हायड्रोजनही सुटतो. तो साठला तर सगळं काम थंडावेल, म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण 6 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. हे नुकसान हवेचं आहे तसंच वैरण घालणाऱ्याचंही आहे, आणि माझ्या मते या वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

जागतिक आकड्यांवरून मात्र खूप भांडणं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2006 मध्ये पशुपालनाचा वाटा माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या 18 टक्के सांगितला, 2013 मध्ये 14.5 टक्के, तर 2023 मध्ये सुमारे 12 टक्के. हिशेबाची पद्धत बदलली तसा आकडा बदलला. त्यात ढेकराबरोबर शेणाची साठवण, पशुखाद्याची शेती आणि जंगलतोडही येते. अ‍ॅमेझॉनचं जंगल कापून केलेल्या कुरणावरचा बैल आणि सोलापूरकडे ज्वारीच्या कडब्यावर जगणारी गाय या दोघांना एकाच आकड्यात बसवणं अन्यायाचं आहे. डेन्मार्कने 2030 पासून गुरांच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरवलं, न्यूझीलंडने तसा बेत 2024 मध्ये सोडून दिला. मिथेन 30 टक्क्यांनी घटवण्याच्या 2021 च्या ग्लासगोतल्या जागतिक संकल्पात भारत सामील झाला नाही. दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्यांचा विचार केला तर ती भूमिका मला पटते.

पण म्हणून आपला गोठा निर्दोष ठरत नाही. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीचं उत्सर्जन वर्षाला 58 किलो मिथेन धरलं आहे, उत्तर अमेरिकेतल्या गायीचं याच्या दुपटीहून जास्त. इथवर आपण बरे. आता दूध बघा. त्याच तक्त्यात आपल्या गायीचं दूध वर्षाला सरासरी 900 किलो धरलंय आणि तिकडचं 8,400. म्हणजे लिटरमागे आपला मिथेन चौपटीच्या आसपास जातो. जनावर भाकड असो वा दुभतं, कोटीपोट चालूच राहतं. दोन वेतांतलं अंतर लांबलं, की तेवढे महिने दुधाविना मिथेन निघत राहतो. ट्रॅक्टर आल्यावर बैलांचं काम गेलं, संकरित गायींच्या गोऱ्ह्यांना तर कोणी विचारत नाही. 2015 मध्ये महाराष्ट्रात गायींबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामागच्या भावनेचा वाद इथे नको, पण ही जनावरं खातात आणि ढेकर देतात, हे हिशेबात धरावं लागतं.

आपल्या बाजूने एक खरा युक्तिवादही आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं. तळाला भोक असलेल्या रांजणात सारख्याच धारेने पाणी ओतलं तर पातळी फार चढत नाही, तसं कळप स्थिर असेल तर हवेतला मिथेन फारसा वाढत नाही. 1992 मध्ये देशात गायी-बैल साधारण 20.5 कोटी होते, 2019 च्या पशुगणनेत सुमारे 19.3 कोटी. म्हशी मात्र याच काळात 8.4 कोटींवरून जवळपास 11 कोटी झाल्या, आणि जास्त दूध देणारी संकरित गाय खातेही जास्त. शिवाय धार बारीक केली तर पातळी काही वर्षांतच उतरते. तापमान लवकर आवरायचं असेल तर असा दुसरा वायू सापडणं कठीण.

धार बारीक कशी करायची, तर वैरणीतून. नुसत्या वाळल्या काडावर हायड्रोजन जास्त सुटतो. हिरवा मका, लसूणघास, थोडा खुराक मिळाला की प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनतं, आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. कडब्याची कुट्टी, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), खनिज मिश्रण, वेळेवर गाभण राहणं यांनी दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो.

अडचण आहे ती पैशाची. संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), मिथेन वाचवल्याचा एक पैसाही मिळत नाही. उन्हाळ्यात चारा महागला की गोठ्यात उसाचं वाढं पडतं, आणि तेव्हा शेतकऱ्याला संतुलित आहार सांगून काही उपयोग नसतो. म्हणून मका हिरवा असताना मुरघासाच्या पिशव्या आणि कुट्टी यंत्रं गावपातळीवर सवलतीत मिळायला हवीत. चारा छावण्यांवर दुष्काळात जो खर्च होतो, त्याचा एक हिस्सा आधीच्या पावसाळ्यात इकडे वळवला तर जनावरं तगतील आणि मिथेनही कमी होईल.